आजीच्या हाताला पटेल असं जातं: पुण्यात मिळणाऱ्या तीन नगांची पारख

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. पुण्यात आज दगडी जातं घ्यायचं म्हटलं तर तीन वाटा दिसतात. रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या पाथरवटाकडचं नवं बारा इंची जातं, घरबसल्या मागवता येणारं गुळगुळीत आठ इंची जातं आणि जुन्या बाजारात किंवा पाडलेल्या वाड्याच्या सामानात मिळणारं सोळा इंची जुनं जातं. आठवड्यातून दोनतीनदा खरोखर दळायचं असेल तर पहिलं घ्या, पण टाकी (दळायच्या बाजूवर छिन्नीने मारलेले टिचके) पुन्हा लावून घेऊनच. घरात दळायला दोघी असतील आणि जागाही असेल तर तिसऱ्याला तोड नाही. आठ इंची नग मात्र दळणासाठी घेऊ नये. लग्नघरी सवाष्णींनी हळकुंडांवर हात फिरवण्यापुरता तो ठीक आहे.

ही पारख केली आहे ती आजीच्या कसोटीवर. आजी म्हणजे मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, पुरंदर अशा भागात शेतकऱ्याच्या घरी वाढलेली, आज ऐंशी ओलांडलेली बाई. तिच्या लहानपणी गावात गिरणी नसायची, असली तर दोनचार कोसांवर. घरात विकत यायचं ते मीठ, रॉकेल, कापड आणि लोखंड. बाकीचं शेतातून यायचं आणि त्यातलं जवळपास प्रत्येक धान्य जात्यातून जायचं. ज्वारी, बाजरी, नाचणीचं पीठ, तुरीची आणि हरभऱ्याची डाळ, माडग्यासाठी हुलग्याचं पीठ, लापशीची भरड, दिवाळीची भाजणी, सगळं त्याच दोन दगडांत.

तिच्या घरचं गणित मांडून पाहिलं की जात्याकडून काय अपेक्षा होती ते कळतं. शेतात राबणाऱ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागतं. मुलंबाळं धरून दहा माणसांच्या घराला रोज चारेक किलो पीठ हवं. चांगल्या टाकीच्या सोळा इंची जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या तर तासाला तीन किलोच्या आसपास निघतं. म्हणजे रोज पहाटे चारला उठून सव्वा ते दीड तास. जाऊ माहेरी गेली किंवा बाळंत झाली की एकटीला अडीच तास. एवढं झाल्यावर पाणी, शेणगोठा, चूल, भाकऱ्या, आणि मग शेतावर जायचं. यातला एकही दिवस सुट्टीचा नाही, कारण पीठ आठवड्याचं करून ठेवायची सोय नव्हती. गिरणी गावात आल्यावर याच बायकांनी जातं कोपऱ्यात सरकवलं ते यामुळे. जात्याचं कौतुक करताना हे तास डोळ्यांपुढे ठेवावेत. दुकानदार ते कधी सांगत नाहीत.

आजी किलोत बोलत नाही, हेही लक्षात असू द्या. तिचं माप शेराचं. पाव शेराचं चिपटं, अर्ध्या शेराचं मापटं, दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण घरातलं पितळी मापटं काही त्यामुळे गेलं नाही. ही मापं भरून घ्यायची आहेत, तोलायची नाहीत. म्हणून ज्वारीची पायली आणि बाजरीची पायली काट्यावर सारखी भरत नाही. आजीने सांगितलेलं भाजणीचं प्रमाण वजनाने घेतलं की चकली बिघडते ती इथेच.

आता दगड. पुणं बसाल्टवर वसलेलं आहे, त्यामुळे काळा दगड ही इथली दुर्मीळ गोष्ट नाही. पण सगळा काळा दगड जात्याचा नसतो. घट्ट, एकजीव, बारीक कणांचा हवा. आपल्याकडच्या बसाल्टमध्ये पुष्कळदा बुडबुड्यांची भोकं असतात आणि त्यांत पांढरं, गुलाबी, हिरवट खनिज भरलेलं असतं. त्यातलं बरंचसं झिओलाइट. वाघोलीच्या खाणी तर अशा स्फटिकांसाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत, निळं कॅव्हनसाइट तिथलंच. संग्रहात ते सुंदर दिसतं, जात्यात नको. ही खनिजं आजूबाजूच्या दगडापेक्षा मऊ असतात. दळताना ती आधी सुटतात, पिठात उतरतात, आणि जिथून सुटली तिथे खड्डा राहतो. त्यात पीठ अडकून आंबतं आणि पावसाळ्यात कीड धरतं. तेव्हा दळायच्या तोंडावर, म्हणजे दोन दगड घासतात त्या बाजूवर, पांढरे ठिपके दिसले तर तो नग बाजूला ठेवा. रिकामी बारीक छिद्रं असतील तर हरकत नाही, उलट त्यांच्या कडा दाणा धरतात.

दगड बद्द आहे की नाही ते आवाजावरून कळतं. वरची तळी (कुणी तिला पाळू म्हणतं) खुंट्याच्या (हातात धरायच्या लाकडी दांड्याच्या) भोकात दोरी ओवून थोडी उचलायची आणि छोट्या हातोडीने टिचकी मारायची. अखंड दगड खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. दुसरी खूण पाण्याची. दोन्ही तोंडांवर पाणी ओतून फडक्याने पुसा आणि वाळू द्या. तडा असेल तर सगळा दगड वाळल्यावरही तेवढी रेघ काळी राहते. मऊ दगड काळा रंगवून विकलेला असू शकतो, म्हणून ओलं पांढरं फडकं जोरात घासून पाहा. शिवाय लिंबाचा थेंब टाका. फेस आला तर तो चुनखडीच्या जातीचा दगड, म्हणजे संगमरवर किंवा त्याचा भाऊबंद. धान्य दळायला तो उपयोगाचा नाही, कारण त्याचा कठीणपणा बसाल्टच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि तो झिजून तुमच्या पोटात जातो.

वजनही डोळ्यांनी ओळखता येतं. बसाल्टच्या एका घनसेंटिमीटरला साधारण २.९ ग्रॅम धरा. बारा इंच रुंद आणि दोन इंच जाड तळी दहा किलोच्या आसपास भरायला हवी. सोळा इंची, अडीच इंच जाड असेल तर तेवीस किलो. आठ इंची, दोन इंच जाड असेल तर साडेचारच. हे आकडे उगाच दिलेले नाहीत. जात्यात दाणा फुटतो तो वरच्या तळीच्या वजनाखाली आणि फिरतीच्या घसटीने. हाताचं काम फक्त फिरवायचं. वजन कमी पडलं की माणूस नकळत खुंट्यावर दाबायला लागतो आणि दहा मिनिटांत खांदा भरून येतो.

आठ इंची नग याच कारणाने पडतो. तिन्ही जात्यांवर एकच धान्य घेतलं, एक किलो मालदांडी शाळू, अर्धा दिवस ऊन दाखवलेला. आठ इंचीवर पहिल्या हाताला निघाली ती नुसती भरड. पुन्हा घालून दळल्यावरही चाळणीत बरीच कणी राहिली. खालची तळी हलकी असल्यामुळे वरचीबरोबर तीही फिरते, एका हाताने ती धरून ठेवावी लागते आणि मग वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालायला हात उरत नाही. तोंडं आरशासारखी घासलेली. पाहायला छान, पण दाणा त्यावरून घसरतो. ज्याला तुळशीबागेतली भातुकली हौसेने मांडायची आहे त्याने तसं खेळणं घ्यावं, त्यात फसवणूक तरी नाही.

पाथरवटाकडच्या बारा इंचीचा दगड चांगला, आवाज खणखणीत, वजन बरोबर. दोष टाकीचा. आजकाल तोंड यंत्राच्या पात्याने सपाट कापतात आणि वरून टाकीचे विरळ टिचके मारतात, गिऱ्हाइकाला दिसावेत म्हणून. त्या अवस्थेत एक किलो शाळू दळायला तासाच्या वर गेला आणि पीठ कोमट निघालं. पीठ कोमट लागलं की समजावं, दगड कापत नाही, नुसता घासतो आहे. टाकी नीट लावून घेतल्यावर त्याच जात्यावर तेच काम अर्ध्या-पाऊण तासात, पुन्हा न घालता झालं. हा फरक निव्वळ टाकीचा.

टाकी कशी असावी ते पाथरवटाला माहीत असतं, विचारणारं कोणी नसतं एवढंच. तोंडाजवळ, म्हणजे जिथे दाणा पडतो त्या मधल्या भागात, टिचके खोल आणि विरळ हवेत, दोन टिचक्यांत ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर. काठाकडे जाताना ते बारीक आणि दाट होत जावेत. शेवटचा दोन बोटांचा पट्टा सगळ्यात बारीक आणि एका पातळीत. पीठ तिथेच तयार होतं, मधला भाग फक्त दाणा फोडून बाहेर ढकलतो. दोन तळ्यांमधली फटही तशीच निमुळती हवी, तोंडाशी एक दाणा आरामात सरकेल एवढी आणि काठाशी वर्तमानपत्राचा कागदही अडकेल इतकी. तपासायला खडू पुरतो. खालच्या तळीवर खडू घासा, वरची ठेवून एकच फेरा द्या आणि उलटून पाहा. खडूची खूण काठाकडच्या तिसऱ्या हिश्शात सगळीकडे सारखी उठली पाहिजे. तोंडाजवळ उठली असेल तर दगड मध्ये टेकतो आहे. असं जातं जड ओढतं आणि काठाने भरड सोडतं. एकाच बाजूला उठली तर तळी कललेली किंवा मधली खीळ वाकडी.

खीळ, माकडी आणि खुंटा या तीन किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंवर बहुतेक नवी जाती नापास होतात. खालच्या तळीच्या मध्यावर लोखंडी खीळ असते. वरच्या तळीच्या तोंडात, म्हणजे दाणे घालायच्या भोकात, आडवी लाकडी पट्टी ठोकलेली असते ती माकडी, तिचं भोक खिळीवर बसतं. खीळ ओळंब्यात नसेल तर फिरताना तळी लचकते आणि पीठ एकाच अंगाला पडतं. लाकडी पाचर ठोकून ती सरळ करता येते. माकडी बाभळीची किंवा सागाची असावी. मऊ लाकडाची असेल तर महिन्या-दोन महिन्यांत भोक अंड्यासारखं होतं आणि तोच लचका सुरू होतो. खुंटा बसतो ते भोक काठापासून दीड इंच तरी आत हवं. अगदी काठाला पाडलेलं भोक ओढ सहन करत नाही, कधीतरी टवका उडतो. एकटीसाठी खुंटा नऊ-दहा इंच, दोघींसाठी चौदा. चार हात एकावर एक बसले पाहिजेत.

पीठ बारीक-जाड करायची आजीची युक्ती माकडीखाली असते. खिळीभोवती चिंधीची एवढीशी चुंबळ ठेवली की वरची तळी केसभर उचलली जाते आणि भरड निघते. दोन चिंध्या घातल्या की डाळ. चिंध्या काढल्या की पीठ. हल्ली काही ठिकाणी लोखंडी वायसर देतात, तेही चालतात, पण ते गंजतात. सुती चिंधी दोनचार दळणांनी बदलली की झालं.

सोळा इंची जुन्या जात्याबद्दल सावधपणे लिहायला हवं, कारण ते मिळालं की माणूस हरखून जातो. तीस-चाळीस वर्षं दळलेला दगड मुरलेला असतो, पांढरे ठिपके कधीच झडून गेलेले असतात, कचकच येत नाही. पीठ तिन्हींत सर्वांत मऊ यावरचंच. पण चार गोष्टी पाहाव्यात. वरची तळी एका बाजूला पातळ झाली आहे का, फूटपट्टी लावून चार ठिकाणी जाडी मोजा. अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर ती कायम लचकणार. टवके सिमेंटने किंवा लांबीने भरलेत का ते पाहा, तसं असेल तर नको. तळाशी तेलाचा जुना वास असेल तर कुणी त्यावर तीळ-शेंगदाणे रगडलेत, तो वास जायला बरंच दळण फुकट घालवावं लागतं. आणि खिळीच्या बुडाशी नखाने ओरखडा उठेल असा राखाडी धातू दिसला तर ते शिसं समजा. जुन्या दगडी कामात लोखंड बसवताना शिसं ओतायची रीत होती. अन्न दळायच्या वस्तूत ते राहू देऊ नका. पाथरवटाकडून खीळ उपटून भोक साफ करून घ्या आणि नवी खीळ बाभळीच्या पाचरांनी बसवून घ्या. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. एवढी पारख करायची तर सकाळी लवकर जावं, गर्दीत खडू घासत बसता येत नाही. आणि तेवीस किलोची तळी एकट्याने उचलू नये, रिक्षात ठेवताना तर नाहीच. दोन्ही तळ्या मध्ये गोणपाट घालून वेगवेगळ्या उभ्या ठेवाव्यात. एकावर एक आडव्या ठेवल्या तर पहिल्या खड्ड्यात काठ उडतो.

घरी आणल्यावर लगेच दळायला बसू नका. दोन्ही तोंडं काथ्याच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने धुवा. साबण नको, दगड तो पितो. दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मग गव्हाचा कोंडा किंवा जुना जाड तांदूळ किलोभर दळून फेकून द्या. असं दोनदा करा. गुराला घालू नका, त्यात कच असते. तिसऱ्यांदा पावशेर ज्वारी दळा, चमचाभर पीठ काचेच्या पेल्यात पाण्यात कालवा आणि पाच मिनिटं ठेवा. पेला हळूच कलता करून ओतला की तळाशी वाळूसारखी काळी रेघ राहते का ते दिसतं. रेघ दिसते तोवर खायचं दळण घालू नये. चिमूटभर पीठ दाढेखाली धरून पाहायची आजीची परीक्षाही तितकीच खात्रीची.

फ्लॅटमध्ये जातं मांडायला चौघडी गोणपाट, त्यावर जाड सतरंजी आणि त्यावर स्वच्छ धुतलेलं जुनं लुगडं किंवा चादर. गुळगुळीत फरशीवर नुसतं ठेवलं तर खालची तळी सरकते. शिवाय घरघर खालच्या मजल्यावर जाते आणि पहाटे पाचला शेजारी ते खपवून घेणार नाहीत. बसायचं ते एक पाय लांब पसरून आणि एक दुमडून, जातं लांब पायाच्या आतल्या बाजूला. दर शंभरेक फेऱ्यांनी पाय बदलायचा. गुडघे धरत असतील तर दणकट, बुटक्या चौरंगावर जातं ठेवून समोर स्टुलावर बसावं. आजीलाही आता तसंच सोपं जातं.

वैरण म्हणजे एका वेळी तोंडात टाकायचे दाणे. नवखी माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती इथे. पाव मूठ पुरते, आधीची संपत आली की पुढची. जास्त टाकली की दाणे न फुटता काठापर्यंत पोचतात. कमी टाकली की दगडावर दगड घासतो. जातं काय म्हणतंय ते ऐकलं तर हात आपोआप बसतो. पोट भरलेल्या जात्याचा आवाज जाड आणि खालचा असतो, रिकाम्याचा कर्कश. काठाभोवती पिठाची कड सगळीकडे सारखी जमली पाहिजे, रांगोळीची रेघ ओढल्यासारखी. वेग मिनिटाला चाळीसएक फेऱ्यांचा पुरे. जोर करून फिरवलं तर पीठ लवकर होत नाही, फक्त उडतं. रिकामं जातं फिरवू नये असं आजी बजावते ते शास्त्र म्हणून मानलं तरी त्यामागचं कारण सरळ आहे. दाणा मध्ये नसला की टाकी बोथट होते आणि दगडाची कच पुढच्या दळणात उतरते.

ओव्यांचं कामही इथे समजून घ्यावं. ओवीचा ठेका फेऱ्याच्या गतीवर बसतो, दोघींचे हात एका लयीत राहतात आणि वैरणीची वेळ चुकत नाही. शिवाय घरघर चालू असताना दोघींमधलं बोलणं भिंतीपलीकडे जात नाही. सासरचं दुःख, माहेरची ओढ, भावाची वाट, सीता आणि विठ्ठल, सगळं त्या तासाभरात गाऊन व्हायचं. पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून या ओव्या जमवल्या आणि त्यांची संख्या लाखावर गेली. आता त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या) संकेतस्थळावर ऐकता येतात. जातं घरी आणणाऱ्याने त्या ऐकाव्यात. लय कानात बसली की हात कमी दुखतो, हे अगदी खरं आहे.

काय बिघडतं ते एका दमात सांगायचं तर बहुतेक बिघाड ओलाव्याचे. पावसाळ्यात ज्वारी सर्द असते, तिचं पीठ टिचक्यांत चिकटून थर धरतं आणि जातं जड होतं. धान्य कढईत नुसतं गरम करून, पूर्ण गार करून मग दळावं. गरम घातलं तर वाफ धरते. थर धरलाच तर चाकूने खरवडू नका. मूठभर कोरडा तांदूळ भरडून काढला की तोंड मोकळं होतं. तीळ, शेंगदाणे, जवस, कारळे जात्यात कधीच नाहीत, त्यासाठी पाटा आणि खलबत्ता. दळणाआधी धान्य सुपात घोळून खडा काढलाच पाहिजे. एक गारगोटीचा खडा काठाचा बारीक पट्टा खराब करतो आणि मग टाकीवाल्याला शोधत हिंडावं लागतं. रोजच्या वापरातल्या जात्याला वर्षातून दोनतीनदा टाकी लागते. पूर्वी टाकी लावणारे आरोळी देत आळीतून फिरायचे. आता जातं जिथून घेतलं त्याच पाथरवटाचा फोन नंबर घेऊन ठेवणं हाच उपाय आहे. ऑनलाइन घेतलेल्या नगाला ही सोय नाही, आणि टाकीशिवाय जातं म्हणजे नुसता गोल दगड.

डाळ करायची असेल तर बारा इंचीही उत्तम चालतं. तुरीला तेलाचा हात लावायचा, किलोला दोन चमचे पुरतात. मग पाणी शिंपडून रात्रभर झाकून ठेवायची आणि दोनतीन दिवस कडक ऊन द्यायचं. टरफल सुटं झालं की दाणा हलवल्यावर आत वाजतो. माकडीखाली दोन चिंध्या घालून भरडायची आणि सुपाने पाखडायची. फुटलेली चुनी वेगळी निघते, ती आमटीत जाते किंवा गुरांना. पहिल्या भरडणीत सगळी डाळ होत नाही. उरलेल्या अख्ख्या दाण्यांना पुन्हा पाण्याचा हात, पुन्हा ऊन, पुन्हा जातं. घाई केली तर चुनीच जास्त होते. मार्च ते मे हाच या कामाचा काळ, बाकीच्या महिन्यांत ऊन पुरत नाही.

घरघंटीशी तुलना होणारच. एक अश्वशक्तीची मोटर म्हणजे ७४६ वॅट, माणसाचा हात टिकून राहतो तो पन्नास-पंचाहत्तर वॅटवर. वेळेच्या हिशेबात जातं कधीच जिंकणार नाही. चार माणसांचं रोजचं गव्हाचं पीठ जात्यावर काढायचा हट्ट धरू नये, महिन्याभरात जातं गॅलरीत जाईल. पोट कमी होतं, बाळंतपण सोपं होतं असं सांगून जातं विकणाऱ्याचंही ऐकू नये. रोज अडीच तास दळणाऱ्या बायकांचे गुडघे आणि खांदे काय म्हणतात ते त्यांनाच विचारावं. जात्याचा खरा उपयोग थोड्या आणि ताज्या पिठासाठी आहे. बाजरीत तेलाचा अंश साधारण ५ टक्के, गव्हाच्या दुपटीहून जास्त, म्हणून तिचं पीठ आठवड्याभरात कडवट होतं. संक्रांतीच्या भाकरीपुरती अर्धा किलो बाजरी त्याच दिवशी दळली की फरक जिभेला कळतो. ज्वारीचंही तसंच. तिच्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाकरी एकसंध राहते ती बारीक, ताज्या पिठाला कढत पाणी लागल्यावर सुटणाऱ्या चिकटीमुळे. जुनं पीठ विरी गेलेलं, म्हणजे चिकटी हरवलेलं असतं, थापताना कडा चिरतात आणि तव्यावर टाकताना भाकरी मोडते. पाहुणा आला की आजी आधीचं पीठ बाजूला ठेवून दोन मुठी नवे दाणे जात्यात टाकायची ते याचसाठी.

घ्यायला जाताना पिशवीत पावशेर निवडलेली ज्वारी, एक खडू, फूटपट्टी, एक लिंबू आणि ओलं फडकं न्यावं. घासाघीस पैशांवर करू नये, टाकीवर करावी. दगड फोडणाऱ्याला त्याचे पैसे मिळू द्यावेत आणि बदल्यात समोर बसून काठाचा पट्टा बारीक करून घ्यावा, माकडी बाभळीची मागावी, एक माकडी जास्तीची घ्यावी. टाकी चालू असताना लांब उभं राहावं, कपच्या डोळ्यांत उडतात. झालं की तिथेच गोणपाटावर जातं मांडायला सांगावं आणि आपली ज्वारी दोन वैरणी घालून स्वतः फिरवून पाहावी. पाथरवटाची बायको शेजारी असेल तर तिला खुंटा धरायला सांगा. दहा फेऱ्यांत ती सांगेल दगड कुठे टेकतोय.